कोणाची हाक, कोणाचा ओ

आमच्या लालबागच्या चाळीत कुठल्याही दारातून 'अहो' अशी हाक आली की गॅलरीतले सगळे नवरे मान वर करतात. एकच जण ओ देतो, बाकीचे परत पेपरात तोंड घालतात. आपल्या बायकोचा 'अहो' कुठला, ते ज्याला त्याला बरोबर कळतं. माझ्या आईने जन्मात बाबांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच.

बाबांचं आयुष्य गिरणीत मागांच्या खडखडाटात गेलं. कान तिथेच अर्धे ठेवून आले, पण कबूल करतील तर शपथ! मग गेल्या वर्षी ते टॉवेलचं प्रकरण झालं. तीन दारं सोडून राहणाऱ्या काकूंनी मोरीतून हाक मारली, "अहो, टॉवेल द्या जरा." बाबा म्हणाले, "ओ, आलो!" आणि दोरीवरचा टॉवेल ओढून थेट काकूंच्या दारात. दारात काका उभे! अख्खी गॅलरी पोट धरधरून हसली. मीही हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लालेलाल झाले होते.

त्या दिवसापासून बाबांनी ओ देणंच बंद केलं. आई हाक मारायची, बाबा पेपरातून डोकं काढायचे नाहीत. दोन दिवस तिने सोसलं, मग भडकली. "शेजारणीक ओ देतत, टॉवेल नेवन देतत, आणि माझ्या हाकेक मान वर करूक होत नाय," असं मला म्हणाली आणि तिनेही हाक मारणं सोडलं. घरात अबोला सुरू झाला. दहा बाय बाराच्या खोलीत अबोला म्हणजे काय असतं, ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. चहाचा कप बाबांच्या शेजारी आदळला जायचा. 'तुझ्या बाबांना सांग', 'तुझ्या आईला विचार', आणि मधे मी, पगार ऑफिसचा आणि नोकरी या दोघांची!

एकदा आई बाजारात गेलेली बघून मी बाबांना धरलं. म्हटलं, हा काय पोरखेळ लावलाय? त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "हाक ऐकाक येता गो, पण कोणाची ती कळणा नाय. सगळ्या बायकांचो आवाज एकच वाटता. परत भलत्याच दारात गेलंय तर?" मी लगेच कानाचं मशीन घेऊया म्हटलं, तर "लोक बहिरो म्हणतले" म्हणून उडवून लावलं. वर आईला काही सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. तिचा आवाज आपल्याला ओळखू येत नाही, हे तिला कळलं तर तिला काय वाटेल, याचीच त्यांना धास्ती होती. आणि ती बिचारी नेमकं त्याहून वाईट समजून बसली होती.

माझं काम कंप्युटरच्या पोटातलं. एका मशीनमध्ये आता बरेच प्रोसेसर असतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ते एकमेकांना हाक मारतात: हातातलं ठेव, आधी माझं ऐक. या हाकेला म्हणायचं इंटरप्ट. हाक मारणारा पुष्कळदा समोरून ओ येईपर्यंत तिथेच ताटकळतो. एखादा नाजूक कामात असला तर थोडा वेळ कान बंद करून घेतो, तेवढी त्याला मुभा असते. आमचं एक मशीन मात्र मधूनच गोठायचं आणि का, ते सापडत नव्हतं.

सापडलं तेव्हा मी घरीच होते. दादरला राहणारा माझा सहकारी फोनवर होता, आई मोरीशी बांगडे साफ करत बसली होती. घोळ त्याच्याच कोडमध्ये निघाला आणि माझं डोकं तापलं. "अरे, सगळ्यांना कशाला हाक मारतोस? निरोप एकाचा आणि बोंब गावभर! तो कोपऱ्यातला कान बंद करून आपलं काम करतोय, त्याचा यात काडीचा संबंध नाही, आणि तू त्याच्या ओची वाट बघत मशीन अडवून बसलास. त्याचा काय दोष? ज्याच्याकडे काम आहे त्याचंच नाव घे आणि त्यालाच हाक मार!"

फोन ठेवला तर आईचा हात थांबलेला.

"कोणाचा चल्लाहा गो?"

"प्रोसेसरचं, आई."

"माका वाटला, आपल्याच घरातला." तिने बांगडा उलटा केला. "खरोच तेचो दोष नाय?"

"नाही गं. हाक कानावर पडते. पण ती आपल्यालाच आहे की दुसऱ्याला, ते बिचाऱ्याला कळतच नाही."

शपथ मी मोडली नाही, हां! मी प्रोसेसरबद्दलच बोलत होते.  बांगडे मात्र आईने त्या दिवशी नको तितके धुतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरी भरलेली होती. काका, काकू, सगळे आपापल्या दारात. बाबा टोकाला स्टुलावर पेपर घेऊन बसले होते. आई चहा गाळून दारात आली. पदर नीट केला, घसा खाकरला, आणि तिने बाबांना हाक मारली. 'अहो' नाही. नावाने. अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी.

 काकूंच्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली. बाबांचा पेपर खाली पडला आणि ते ताडकन उभे राहिले.

"ओ!"

धावतपळतच आले. "काय झाला गो? कोण गेला?"

"कोण नाय गेला. चाय निवतली, म्हणून हाक मारली," आई म्हणाली. तोंड लालबुंद झालं होतं तिचं, वर बघायला तयार नव्हती.

बाबांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. दारातच उभे राहून हळूच म्हणाले, "परत एकदा मार बघू."

"कित्याक? ऐकाक नाय इली?"

"इली गो. म्हणानच."