टोपीच्या काठाखाली

आपल्याकडे शृंगाराची सांगता केसांत माळलेल्या फुलांनी होते. अमेरिकेतील केंटकी प्रांतात ती टोपीने होते. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेथे डर्बी नावाची घोड्यांची मोठी शर्यत असते, आणि त्या दिवशी घरोघरच्या मेजवान्यांना स्त्रिया रुंद काठाच्या, फुलापिसांनी लवलेल्या टोप्या घालून जातात. संध्याताई आणि पद्माकरराव यांचा संसार उमेदीच्या वर्षांत त्या प्रांती झाला. पहिल्याच वर्षी शेजारणीच्या मेजवानीला संध्याताई इरकल नेसून, अंबाड्यावर फुले माळून, उघड्या डोक्याने गेल्या. शेजारणीने आपली एक टोपी आणून त्या फुलांवरच ठेवली. फुले चुरगळली, पद्माकरराव मात्र पाहतच राहिले. त्यानंतर दर वर्षी टोपी तेच निवडून आणू लागले.

पुढे नोकरीच्या ओघात दोघे आयर्लंडला, ड्रोहेडाला आले. संध्याताई तेथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रमल्या. डर्बी बहुधा चैत्रगौरीच्या आगेमागेच येते, हे ध्यानी येताच त्यांनी दोहोंची सांगड घातली. टोप्या केंटकीच्या, हळदीकुंकू आपले. कैरी हाताशी नसे, म्हणून आंबट सफरचंदे उकडून, गूळ-वेलदोडा घालून त्या पन्हे करीत आणि वर पुदिन्याची पाने सोडीत. पुदिना केंटकीत मद्यात घालतात, अशी कोणी आठवण केली की पद्माकरराव म्हणत, "घोड्यांना काय कळतंय, पेल्यात काय आहे ते!"

पद्माकरराव गेले, आणि त्यांच्यामागोमाग चैत्रातली निमंत्रणेही थांबली. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. "आता त्यांना कसं बोलवायचं?" या संकोचात जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. संध्याताईंनी तक्रार केली नाही. परंतु वसंत आला, समोरच्या घराच्या कुंपणावरची गोर्सची काटेरी झुडपे पिवळीधमक फुलली, की त्यांचे कान दारावरच्या घंटेकडे लागत. आपल्यालाही कोणी म्हणावे, ‘अहो, संध्याकाळी या हं नक्की’, एवढीच त्यांची आस होती.

यंदा सून केतकीनेच विषय काढला. "आई, डर्बी करू या. टोप्या नुसत्या कपाटात कुजतायत."

"आणि बायका येतील?"

"पन्हं आहे म्हटल्यावर डब्लिनहूनसुद्धा येतील."

शर्यत आयर्लंडच्या घड्याळाने मध्यरात्रीच्या सुमारास. मेजवानी मात्र दुपारीच ठरली. "घोडे पळतील तेव्हा पळोत, टोप्या उन्हातच शोभतात," असा निकाल केतकीने दिला. संध्याताईंनी ट्रंकेतून जांभळे इरकल काढले. टोपी निवडताना हात पुनःपुन्हा मागे येई. आजवर निवडणारे पद्माकरराव होते, त्यांचे काम केवळ मिरवण्याचे असे. अखेर त्यांनी पांढरी घेतली.

बायका आल्या. डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या कचेरीत काम करणारी स्नेहलता मोरपिसांचा मनोरा डोक्यावर तोलत दारातच अडकली.

"अगं, वाकून ये! छत काढावं लागेल नाहीतर," संध्याताई म्हणाल्या.

"वाकले तर मोर उडून जाईल, ताई!"

हशा पिकला. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीने शर्यतीतला एकेक घोडा आपला म्हणून घेतला. डाळीच्या वाट्या रित्या झाल्या. कोणी इरकलाच्या पदराला हात लावून पोत पाहिला, आणि संध्याताई कितीतरी दिवसांनी ताठ मानेने बसल्या.

निघण्याची वेळ झाली. बायका दारापाशी ओळीने उभ्या राहिल्या आणि केतकी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आली. एकेक जण टोपीचा काठ वर उचली, केतकी बोट टेकवी, काठ पुन्हा खाली येई. निरोप द्यायला संध्याताई त्याच ओळीच्या टोकाला उभ्या होत्या. काठाखाली सगळी कपाळे सारखीच झाकलेली. केतकी आपल्या लयीत त्यांच्यापुढे आली; आणि आयुष्यभराच्या सवयीने संध्याताईंच्या हातानेही काठ वर उचलला.

बोट अधांतरी थांबले.

"लाव गं," संध्याताई शांतपणे म्हणाल्या. "बोट अवघडेल तुझं."

केतकीने कुंकू लावले. मग संध्याताई स्नेहलतेकडे वळल्या. "कुंकवावाचून माझं काही अडलं नव्हतं, बाई. मला बोलावणं हवं होतं. तुझ्याकडे गौर बसते ना अजून?"

स्नेहलतेचा चेहरा उतरला. "उद्याच हळदीकुंकू आहे, ताई. इथे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला तेवढं..." मग ती घाईने म्हणाली, "उद्या याल? चार वाजता. सासूबाई नागपूरहून आल्यात, त्या काय म्हणतील ते म्हणोत. याच तुम्ही."

"येईन," संध्याताई म्हणाल्या.

मोटारी गेल्या. केतकी पेले विसळू लागली. संध्याताई लगबगीने जिना चढल्या. उद्याचे आमंत्रण आले, स्नेहलतेकडे, चार वाजता, हे सांगण्यासाठी "अहो, ऐकलंत का?" म्हणतच त्या खोलीच्या उंबऱ्यावर पोहोचल्या, आणि तेथेच थबकल्या. आतल्या रिकाम्या खुर्चीवर सायंकाळचे लांबलचक ऊन पडले होते. इतक्या वर्षांची वाट सरली होती. ती सरल्याची वार्ता ज्याच्या कानी घालायची, त्याची वाट तेवढी उरली होती.

खालून केतकीने विचारले, "आई, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही गं," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.