उतार वजा करणारे मोरूभाऊ

श्री. मोरेश्वर भाटकर यांची आणि माझी पहिली भेट माझ्या बंद पडलेल्या स्कूटरने घडवली. रत्नागिरीच्या एका शाळेत भूगोल शिकवायला मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो. भाट्याच्या पुलाअलीकडे घामाघूम होऊन स्कूटर ढकलत असताना एका गॅरेजच्या दारातून आवाज आला, "ओ, ती काय म्हैस हाय, अशी वढत नेताय ती?" मी रागाने वळून पाहिले. ग्रीसने माखलेले, उंचेपुरे गृहस्थ हात पुसत उभे होते. आपण चेष्टा केली आहे असे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्कूटर तयार झाली आणि तिच्यासोबत वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडीही माझ्या हातात आली. आत काढून टाकलेला, झिजलेला भाग होता. "हे कशाला? फेकून द्या की," असे मी म्हणालो. त्यावर मोरूभाऊ म्हणाले, "तुमचा हाय तो. मी फेकला तर खरंच बदलला की नाय, तुमाला कसं कळायचं?" त्यांच्या गॅरेजची ही पद्धत आजही मोडलेली नाही. माझ्या कपाटाचा खालचा खण अशा पुड्यांनी भरला आहे. आमच्या सौभाग्यवती दर दिवाळीला त्या टाकायला काढतात आणि भाऊ फराळाला येणार म्हणून पुन्हा आत ठेवतात.

भाऊंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. त्यांच्याविषयी लिहायला माझ्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. पण गाडीत त्यांच्या शेजारी बसून सर्वांत जास्त बोलणी मी खाल्ली आहेत, तेवढ्या हक्कावर लिहितो.

ऐन तारुण्याची बरीच वर्षे भाऊंनी जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. भाट्यातल्या त्यांच्या घराण्यात दर पिढीत कोणी ना कोणी दर्यावर असतेच. पुढे वहिनींची तब्येत नरम राहू लागली तेव्हा चांगली नोकरी सोडून ते घरी परतले आणि हे गॅरेज काढले. जहाजावर इंजिनाचा आवाज थांबला की गाढ झोपेतूनही जाग येते, असे ते सांगतात. इंजिन ऐकून दुखणे सांगण्याची त्यांची ख्याती जिल्हाभर आहे. दिलेल्या वेळेला काम पूर्ण न करण्याची ख्यातीही तितकीच आहे. गौरवग्रंथ आहे म्हणून ती लपवण्यात अर्थ नाही. शेकडो गिऱ्हाइकांना ती ठाऊक आहे.

त्यांच्याकडे एक मोरपंखी रंगाची जुनी मोटार आहे. ती कोणत्या कंपनीची, हे लिहायला त्यांनीच मला मनाई केली. "अर्धे भाग आता त्या कंपनीचे ऱ्हायलेच नायत. उगाच त्यांचं नाव कशाला?" असे त्यांचे म्हणणे. गाडीचे छप्पर गळते, ब्रेक भिजले की ऐकत नाहीत, म्हणून पावसाळ्यात ती ताडपत्रीखाली असते. बाकीचे आठ महिने मात्र ती ऐटीत फिरते.

सुलभाताई खापरे भाऊंच्या आयुष्यात आल्या त्या या गाडीमुळेच. सुलभाताई लांज्याच्या पलीकडे, आतल्या एका वाडीत राहतात. यजमान मुंबईला दुकानात नोकरीला. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे सुलभाताईंना आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, डायलिसिससाठी रत्नागिरीला यावे लागते. दोन बस बदलून यायचे आणि रक्त धुऊन झाल्यावर चक्कर येत असताना तशाच दोन बस बदलून परत जायचे. एका शनिवारी त्या गॅरेजसमोर मटकन खाली बसल्या. भाऊंनी त्यांना पाणी दिले, गाडीत बसवले आणि थेट वाडीत नेऊन सोडले. वाटेत त्यांच्या ध्यानात आले, की हा प्रवास ही बाई कित्येक महिने एकटीने करते आहे.

त्या आठवड्यापासून दर बुधवारी आणि शनिवारी गॅरेज बंद राहू लागले. दाराला खडूने लिहिलेली पाटी लटकायची, 'लांज्याला गेलो'. गिऱ्हाइके वैतागली, काही तुटलीसुद्धा. भाऊंना त्याचे काही वाटले नाही. हळूहळू त्या भागातले आणखी पाच रुग्ण येऊ लागले आणि गाडीत जागा पुरेना. मग पाऊस आला. गाडी ताडपत्रीखाली गेली आणि सगळे पुन्हा बसने येऊ लागले. त्या पावसात सुलभाताईंचे डायलिसिसचे लागोपाठ दोन वार चुकले. तिसऱ्या वेळी त्यांना सुजलेल्या अंगाने उचलून आणावे लागले आणि आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. भाऊ रोज तिथे जाऊन बाकावर बसत. एके दिवशी मला म्हणाले, "मास्तर, पुढच्या पावसाच्या आत छप्पर न गळणारी गाडी पायजे. माझी नाय, त्यांची."

जुन्या मोटारींच्या रॅलीची कल्पना अशी निघाली. भाऊंच्या हाताखालून गेलेल्या दहा गाड्यांचे मालक लगेच तयार झाले, भाऊंची धरून अकरा. रुग्णांसाठी घ्यायच्या व्हॅनच्या खर्चाचा मोठा वाटा लांज्याचे काजू कारखानदार गांगणशेठ उचलणार होते, पण त्यांची एक अट होती. लांज्यातल्या त्यांच्या कारखान्यापासून भाट्यापर्यंत गाड्यांनी स्वतःच्या इंजिनावर जेवढे अंतर कापावे, तेवढ्याचेच पैसे ते देणार. ढकललेले, ओढून नेलेले अंतर धरायचे नाही. शेठ माणूस दिलदार, पण नियमाला पक्के. प्रत्येक गाडीत एक निरीक्षक नेमला गेला. त्याने दर किलोमीटरला 'इंजिन चालू' या रकान्यात खूण करायची होती. भाऊंच्या गाडीत हे काम माझ्याकडे आले.

रॅलीच्या दिवशी लांज्यात फुले, पताका, ताशा, सगळे झाले. मागच्या सीटवर भाऊंनी आग्रहाने सुलभाताईंना बसवले होते. "ज्यांची गाडी, त्यांनी बघायला नको?" असे ते म्हणाले. एकही गाडी बंद न पडता आम्ही शहर ओलांडले, तेव्हा मी मनातल्या मनात व्हॅनचा रंगसुद्धा ठरवून टाकला. भाट्याच्या पुलाकडे जाणारा शेवटचा उतार संपला. भाऊंनी सवयीने चावीकडे हात नेला आणि तो हात तिथेच थबकला.

"मास्तर," ते म्हणाले, "ही चावी मी बंद कधी केली?"

मी मांडीवरच्या खुणांच्या तक्त्याकडे पाहिले. आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला विचारा. उतार लागला की इंजिन बंद करायचे आणि गाडी नुसती सोडून द्यायची, पेट्रोल वाचते. हे कोणी कोणाला शिकवत नाही. हात आपोआप जातो. लांज्यापासून लागलेल्या प्रत्येक मोठ्या उतारावर भाऊंनी तेच केले होते. मी शेजारी बसून, इंजिनाचा आवाज नाही हे ध्यानात न घेता, खुणांवर खुणा करत आलो होतो. जहाजावर शांततेने जागा होणारा हा माणूस आपल्या गावच्या उतारावरची शांतता ऐकू शकला नाही. मला तर तेवढेही कान नाहीत.

मी घाईने म्हणालो, "भाऊ, गप्प बसा. कोणाला कळत नाही. पाऊस तोंडावर आलाय."

मी हे बोललो, याची मला आजही लाज वाटते. पण सुलभाताईंचा सुजलेला चेहरा मी पाहिला होता आणि त्या क्षणी मला दुसरे काही सुचले नाही. भाऊ अजून चावीकडेच बघत होते. बोलल्या त्या मागे बसलेल्या सुलभाताई.

"नको वो मास्तर. असल्या खोट्या गाडीत बसून माझं रगत काय साफ व्हायचं नाय. त्यांना बोलू दे. मी जाईन दोन बस करून."

भाऊंनी चावी फिरवली आणि उरलेले अंतर इंजिनावर पार केले. भाट्याला टाळ्या वाजत होत्या. त्यांनी माईक हातात घेतला. भाषण त्यांना कधी जमलेले नाही. ते एवढेच म्हणाले, "शेठ, माझे उतार वजा करा. मी इंजिन बंद करून आलोय."

ताशा थांबला. मग चिपळूणचे एक डॉक्टर उभे राहिले आणि ओशाळून म्हणाले, "माझेही करा." त्यांच्यामागून तिसरे, चौथे. अकराच्या अकरा गाड्या उतारावर इंजिन बंद करून आल्या होत्या आणि अकरा निरीक्षकांनी मनापासून खुणा केल्या होत्या. आधी एक जण हसला, मग सगळा मांडव हसला. गांगणशेठ तेवढे हसले नाहीत. उतार वजा केल्यावर व्हॅन येत नव्हती, हे त्यांनाही कळत होते. कोणीतरी म्हणाले, काल गाड्या चढ चढूनच लांज्याला गेल्या, ते धरा. शेठ म्हणाले, "काल झेंडा पडला नव्हता."

"मग पुढच्या रविवारी पाडा," भाऊ म्हणाले. "भाट्यातून लांज्याला येतो. आजचे सगळे उतार तवा चढ असतील. चढावर कोण इंजिन बंद करणार?"

शेठनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या रविवारी ताशा नव्हता, पताका नव्हत्या. भाट्याला झेंडा दाखवायला वहिनी आल्या होत्या आणि निघताना त्यांनी भाऊंच्या हातात पाण्याचे दोन कॅन ठेवले. ते लागलेच. मे महिन्याचे ऊन आणि सलग चढ. पालीजवळ गाडीने वाफ सोडली. भाऊ खाली उतरले, शांतपणे थांबले, रेडिएटर निवू दिला, पाणी भरले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमी चढ चालत या. तुमचं वजन पण वजा करू." मी छत्री घेऊन गाडीच्या मागून चढ चढलो आणि वर पोचल्यावर, इंजिनाची धडधड कानांनी ऐकून, तक्त्यावर खूण केली. त्या दिवशीची प्रत्येक खूण मी ऐकून केली आहे.

लांज्याला कारखान्याच्या फाटकात सुलभाताई सकाळपासून खुर्ची टाकून बसल्या होत्या. अकराही गाड्या आल्या, काही धापा टाकत, पण आल्या. गांगणशेठनी सगळे तक्ते नीट तपासले, माझा दोनदा. मग भाऊंना म्हणाले, "पंचवीस वर्षं धंदा करतोय. आपणहून वजा करा म्हणणारा पहिला माणूस भेटला." पाऊस सुरू व्हायच्या आधी व्हॅन आली.

भाऊंनी माझ्यावर केलेले उपकार सांगायचे तर वेगळा लेख लागेल. माझ्या मुलीच्या लग्नात ऐन वेळी बिघडलेला जनरेटर त्यांनी नव्या सदऱ्यानिशी दुरुस्त केला, एवढे नोंदवतो. तो सदरा नंतर कधीच कोणी पाहिला नाही.

आता बुधवारी आणि शनिवारी सहा रुग्णांना घेऊन व्हॅन गॅरेजवरून जाते आणि चालक हॉर्न वाजवतो. भाऊ मान वर करत नाहीत. त्यांचा कान फक्त इंजिनाकडे असतो. उतारावर ते बंद ऐकू आले तर पुलापर्यंत पोचायच्या आत चालकाला फोन जातो. व्हॅनमध्ये काचेच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली आहे, 'उतारावर इंजिन बंद करू नये'. खाली कंसात, 'मी केले होते'.

या लेखासाठी मी सुलभाताईंना विचारले, भाऊंना काय शुभेच्छा देऊ? त्या व्हॅनमध्ये चढत होत्या. पायरीवर थांबून म्हणाल्या, "माझं काय खरं नाय, मास्तर. पण जवर मी या वाटेनं जातेय, तवर हॉर्न ऐकायला ते दारात पायजेत. एवढं लिवा."

मी तसेच लिहिले आहे. भाऊंना निरामय दीर्घायुष्य लाभो, आणि बुधवारी सकाळी तो हॉर्न वाजवायला सुलभाताईंची व्हॅनही तितकीच वर्षे येत राहो. यातले काहीही वजा करायला मी तयार नाही.