रौफभाईंचं कार्ड

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाच नीट कळत नाही.

मी अंजनगाव सुर्जीत आशा सेविका आहे. क्षयरोगाच्या मोहिमेत घरोघर फिरून थुंकीच्या डब्या वाटल्या. बायकांच्या बैठकीत सांगितलं — घाबरू नका, आजाऱ्याला वाळीत टाकू नका. बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तेव्हा नियम असा होता, की आजाऱ्यानं दिवसाआड माझ्या घरी यायचं, माझ्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या, मग मी कार्डावर खूण करायची. आमच्या गल्लीतले शिंपीकाम करणारे रौफभाई माझ्याकडे आले. तोंडाला रुमाल बांधून ओट्यावर बसायचे. पाणी घरून आणायचे, माझ्या पेल्याला हात लागू नये म्हणून. इतका समजूतदार माणूस. आणि मी? माझी मुलगी तेव्हा रांगत होती. ते खोकले की मी तिला उचलून आत न्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात मी महिन्याच्या गोळ्या एकदम कागदात बांधून दिल्या. लग्नसराई आहे, तुमचं काम खोळंबतं, दुकानातच घ्या, म्हटलं. खोटं. मला ते ओट्यावर नको होते. पुढचे सगळे महिने तसेच गेले. कार्डावर मात्र मी खुणा करत राहिले — पेन बदलून बदलून.

वर्षभरात आजार उलटला. गोळ्या चुकवल्या का, असं डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं. रौफभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ताईच्या समोरच खाल्ल्या, सायेब. एक बी नाई चुकवली."

माझं काम जाऊ नये म्हणून बोलले ते. मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर? डॉक्टरांना एवढं तरी कळलं असतं, की गोळ्या माझ्यासमोर गिळल्याच नव्हत्या. मी कार्ड पुढे केलं.

ते वाचले नाहीत. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांची बायको, भाभी, माझ्याकडे आल्या. दुकानातल्या मशीनच्या खणात त्यांना कागदात बांधलेल्या गोळ्या सापडल्या होत्या, अर्ध्याहून जास्त. त्या माझ्यापुढे ठेवून त्यांनी हात जोडले.

"माफ करजा, ताई. तुमी समोर बसून चारल्या, अन् त्यायनं तुमच्याच डोयात धूळ फेकली."

मी त्यांचे हात खाली केले. असू द्या भाभी, म्हटलं, मी त्यांना माफ केलं.