जत्रेचा पहिला वाटा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून बाहेर जायचो.

आमचं गाव चाकणजवळचं. पूर्वी घर सांगितलं की माणूस कळायचा. वेशीपाशी कुंभार, ओढ्याकडे बौद्ध वस्ती, मधे आम्ही शेतीवाले आणि तालमीमागे मुलाण्यांचं एकच घर. ज्या रानात मी कांदा काढला, तिथं आज माझ्याच भाड्याच्या खोल्या आहेत. लातूरची, बिहारची, ओडिशाची माणसं सकाळी कंपनीच्या बससाठी उभी असतात. गावकऱ्यांपेक्षा तीच जास्त. त्यांतल्या एकाचंही घर मला ठाऊक नाही.

त्या मुलाण्यांच्या घरातला एक माझा लहानपणापासूनचा जोडीदार. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरी घेऊन दारोदार फिरायचा. त्यानं बोकड हलाल केल्याशिवाय कुणाच्या घरी मटण शिजत नसे, आणि पहिला वाटा त्याचा निघे. माझ्या आईला म्हणायचा, "काकी, यंदाचा बोकड तुमच्या पोरासारखा हाय. नुसती हाडं!" आई हसून वाटा वाढवायची.

भाडेकरू वाढले तशी गावकीतली पोरं बिथरली. बैठकीत ठरलं, जत्रेचे मान फक्त मूळ गावकऱ्यांना. मग मुलाण्यांचं काय?

"सातबारा हाय का त्यांचा?" एकानं विचारलं.

"आप्पांना इचारा. आप्पा म्हणतील तसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जोडीदार समोरच बसला होता. त्याचे आजे-पणजे ओढ्याकाठी पुरलेले, त्या कबरींवर बसून आम्ही लहानपणी बोरं खाल्लेली. तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण माझा पुतण्या सरपंचकीला उभा राहणार होता आणि हीच पोरं त्याच्या मागं होती.

मी म्हणालो, "जमीन न्हाई त्यांची गावात."

खरंच नव्हती. जमीन नव्हती म्हणूनच तर गावानं त्यांना वाटा लावून दिला होता.

तो उठला. "व्हय राव, न्हाई," एवढंच म्हणाला.

त्या जत्रेला बाहेरून खाटीक आला आणि घाईघाईनं उरकून गेला. माझं ताट तसंच राहिलं. पावसाळ्याआधी जोडीदार देहूरोडला मुलाच्या गॅरेजवर राहायला गेला.

मी एकदा त्याला भेटायला गेलो. त्यानं चहा मागवला आणि गावाची चौकशी सुरू केली, वेशीपासून ओळीनं, एकेक घर. कुंभाराची म्हातारी हाय का? तालमीपुढचा लिंब हाय का? मी हाय, न्हाई म्हणत होतो. तालमीपर्यंत येऊन तो थांबला.

"म्होरलं घर मला म्हाईत हाय," म्हणाला आणि हसला.

मी चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. ओढ्याकाठी नाही, तिकडंच त्याला माती दिली. मीही मूठभर टाकली. म्हणायचं होतं ते एवढंच: गाव तुझंच होतं, राव. मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. मला माफ कर.