गोळी मला पायजे

आमचा रहिमतपूरचा केमिस्ट बोलायला लागला, की पार तिकडं कोरेगावातली कुत्री भुंकत. एरवी चिठ्ठीशिवाय काहीही देणारा हा गडी. पण पुरुषांची ती नवी गोळी मागायला रिटायर सुभेदार आले, तेव्हा माझ्यासमोर अडून बसला.

“आवं, छातीच्या गोळ्या चालू हायेत तुमच्या. ही घेतली तर जीव जाईल. डॉक्टरला इचारू.”

“दवाखान्यात, समद्यांसमोर? त्यापरास मेलेलं बरं.”

त्यानं शटर ओढलं, सुभेदारांना, मागोमाग मलाही, दवाखान्यात नेलं आणि भरल्या बाकांसमोर कंपाउंडरला ओरडून सांगितलं, “ती गोळी मला पायजे! सुभेदार नुसतं सोबतीला हायेत.”

आत डॉक्टरांनी सुभेदारांना गोळीची सक्त मनाई केली. बाहेर गाव केमिस्टला हसू लागलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं माझा दंड धरला.

“ऱ्हाऊ दे रं. मला पेलतंय. त्यास्नी न्हाई पेलायचं.”