विशालच्या बाजूची जागा

पेणला एसटी स्टँडच्या मागे टी-शर्ट छापणारी नमिता म्हणजे भारी फटकळ बाई. गोविंदा पथक असो की कबड्डीचा संघ, पोरं दहा ओळींचा मजकूर घेऊन यायची आणि म्हणायची, सगळं मोठं करा. ही खेकसायची, "सगळेच बोंबलले तर ऐकायचं कुणाचं?" मग एक शब्द छातीभर करायचा आणि बाकीचे लहानमोठे त्याच्या आजूबाजूला चपखल बसवायचे. कुठं मोकळी जागा राहिली की तिला चैन पडायचं नाही.

तिला दोन धाकटे भाऊ, विशाल आणि रितेश. त्यातल्या विशालला गेल्या शिमग्यात कबड्डीच्या एका गुणावरून समोरच्या संघातल्या पोरांनी भर मैदानात लोखंडी पाइपांनी ठेचून मारला. घरी आणला तेव्हा आईला त्याचं तोंडसुद्धा दाखवलं नाही, दाखवण्यासारखं उरलंच नव्हतं. मारणारे जामिनावर सुटले. येत्या रविवारी ते रोह्याच्या सामन्यात पुन्हा खेळणार होते.

शुक्रवारी दुपारी रितेश दुकानात शिरला. मागे त्याचा दोस्त हितेश, हातात पेपरात गुंडाळलेला कोयता.

"ताई, बारा काळे टी-शर्ट पायजेत. 'बदला' एवढा मोठा," रितेशने छातीवर वीत ठेवली, "लाल. खाली बारीक विशालचं नाव. रविवारी घालूनच उतरणार मैदानात. एकाला तरी उभा चिरणार."

"आणि ते काय आरती घेऊन उभे असणार हायत?"

"मेलो तर मेलो."

नमिताने समजावलं, हात जोडले, शेवटी शिव्या घातल्या. रितेशने तिची मान धरली आणि टेबलावर आपटली. "छापतेस का नाय?" ओठ फाटला. रक्त पदराने पुसून ती कॉम्प्युटरसमोर बसली.

'बदला' छातीभर बसला. खाली बोटभर 'कै. विशाल'.

"नाव विशाल, आणि ठेवलायस केवढा बघ," ती म्हणाली.

नावाच्या बाजूला तेवढीच जागा रिकामी राहिली होती. नमिताने त्याच मापात तिथं अक्षरं टाकली. रेघेला रेघ जुळली.

हितेश वाकून वाचायला लागला. "कै. विशाल, कै. रि..." त्याची बोबडी वळली. कोयता टेबलावर टाकून तो दुकानाबाहेर झाला.

"भवाने!" रितेशने तिला केसाला धरून खुर्चीवरून खेचली. थोबाडीत मारली, पाठीत लाथ घातली, शाईचे डबे लाथाडले. लाल शाई फरशीभर झाली. नमिताने हात वर केला नाही.

"मार अजून. आईला सांगीन, जिन्यावरनं पडले. पण रविवारी काय सांगू रे तिला, मेल्या?"

शब्द नेहमीचा, दिवसातून दहादा तोंडात येणारा. आज तो बाहेर पडला आणि तिचा तिलाच ऐकवला नाही. शाईत बसून तिने हंबरडा फोडला.

रितेशचा उगारलेला हात तसाच राहिला. स्क्रीनकडे त्याला बघवेना.

"माझं नाव काढ गो, ताई."

"आधी वरचा शब्द काढायला सांग."

त्याने भिंतीला डोकं टेकलं.

"दोन्ही काढ," तो म्हणाला.