गुण्यामिस्त्रींचा उजवा हात

मिस्त्रींचं खरं नाव वीजबिलावर तेवढं शिल्लक होतं. बाकी सगळी वस्ती त्यांना गुण्यामिस्त्री म्हणायची. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या त्यांच्या खिशात कायम असे आणि तो ते फक्त लाकडाला लावत नसत. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत दाराची चौकट तपासून मोकळे होत. ‘पाव सूत बाहेर आहे,’ असं यजमानांना सांगत आणि मग समाधानाने चहा घेत. त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा बोलावणारे कमी होते. पण ज्यांना दार-खिडक्या करून घ्यायच्या असत ते दुसऱ्या कुणाकडे जात नसत.

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर, आत दोन कामगार, एक पॉलिशवाला आणि मधोमध गोल करवतीचं मशीन. समोरच्या भिंतीवर मिस्त्रींनी स्वतः लाल रंगात नियम लिहिले होते. मशीनवर गप्पा नाहीत. पात्यावरची जाळी काढायची नाही. फळी हाताने नाही, दांडक्याने ढकलायची. आणि शेवटी, जरा मोठ्या अक्षरांत: ज्याला घाई आहे त्याने घरी जावं.

पॉलिशवाला सव्वीस वर्षं त्यांच्याबरोबर होता आणि सव्वीस वर्षं बोलत होता. तो म्हणायचा, “मिस्त्री, या मशीनला तुमच्या भाषणांचीच जास्त भीती वाटत असेल.” मिस्त्री म्हणायचे, “तू गप्प बसलास की अपघाताची निम्मी शक्यता संपते.”

वीस वर्षांत त्या छपराखाली कुणाला साध्या खरचटण्यापलीकडची जखम झाली नव्हती. सुतारांच्या संघटनेच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी मिस्त्रींना प्रमाणपत्र दिलं. ‘निर्धोक कारखाना, वीस वर्षं.’ खाली दोन सह्या, वर सोनेरी वेलबुट्टी. फक्त ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं. सुतारांची संघटना आणि चौकट नाही! मिस्त्रींना ते दोन दिवस डोळ्यांत खुपत राहिलं. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी सागाचा एक तुकडा काढला. प्रमाणपत्राला चौकट करायला त्यातून बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या पाडायच्या होत्या.

इतक्या बारीक पट्टीला जाळी आडवी येते. मिस्त्रींनी ती काढून बाजूला ठेवली. ढकलायचं दांडकं खिडकीला टेकू म्हणून लावलेलं होतं, ते काढलं तर खिडकी आपटणार. चारच पट्ट्या तर पाडायच्या होत्या. तीन निघाल्या.

चौथ्या वेळी मशीनचा आवाज किंचित बदलला, करवत गाठीत अडकावी तसा. पट्टी उडाली आणि उजवा हात पुढे गेला. दुखलं असं काही नाही, उलट हात एकदम थंड पडला. मिस्त्रींनी आधी डाव्या हाताने मशीन बंद केलं, कारण मशीन चालू ठेवून जागा सोडायची नाही हाही त्यांचाच नियम होता. मग हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “फडकं आण. पॉलिशचं नको, स्वच्छ आण.”

पॉलिशवाल्याने फडकं आणलं. हॉस्पिटलपर्यंतच्या पाऊण तासाच्या रस्त्यात त्याने चकार शब्द काढला नाही. आपलं काही खरं नाही, हे मिस्त्रींना तेव्हा कळलं.

तर्जनीचं पेर गेलं ते गेलंच. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, या दोघांच्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. त्या जोडायला पाच तास लागले. भूल फक्त हाताला दिली होती, तोंडाला नव्हती. पडद्याआडून मिस्त्री अधूनमधून विचारत होते की सांधा नुसता शिवताय की काही आधारही देताय. डॉक्टर तरुण होता, शेवटी म्हणाला, “काका, तुम्ही काम करताना गिऱ्हाईक असं डोक्यावर उभं राहिलं तर काय करता?”

“हाकलून देतो.”

“मला ती सोय नाही. जरा गप्प पडा.”

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मिस्त्रींनी टाके नीट निरखले आणि ते समान अंतरावर नसल्याचं डॉक्टरांच्या निदर्शनास आणून दिलं. त्याच दिवशी संध्याकाळी संघटनेचे सचिव फुलं घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर बसले, तब्येतीची चौकशी केली, मग बराच वेळ फुलांकडेच बघत राहिले.

“घाई काहीच नाही,” ते म्हणाले, “पण वार्षिक सभेत निर्धोक कारखान्यांची यादी वाचायची असते. आता वाचली तर लोक हसतील. प्रमाणपत्र तुमच्याकडेच आहे ना?”

“आहे. चौकट व्हायची राहिली.”

“ती राहू दे,” सचिव म्हणाले.

बायकोने दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून पोचतं केलं. मिस्त्री हे सगळ्यांना सांगत आणि आधी स्वतःच हसत. लोकांनी हसायच्या आत आपण हसलेलं बरं, एवढी अक्कल त्यांना हॉस्पिटलातच आली होती.

सहा आठवडे हात कोपरापर्यंत जखडलेला. एखादं काम सोपं असलं की लोक ते डाव्या हातचा मळ आहे म्हणतात. असं म्हणणाऱ्याने कधी डाव्या हाताने शर्टाचं बटण लावलेलं नसावं. सकाळी बायको बटणं लावायची आणि मिस्त्री छताकडे बघत उभे राहायचे. ती घरी बसून लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायची, त्यामुळे बटणांशी तिचं वैर नव्हतं. पण वरचं बटण लावताना तिचा अंगठा मध्येच थांबायचा. मिस्त्रींनी ते पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, बटण घट्ट आहे.

पट्टी सुटली तेव्हा आतून जो हात निघाला तो मिस्त्रींना ओळखू येईना. फिका, सुकलेला, बोटं अर्धवट वळलेली. पावसात भिजून वाकलेल्या फळीसारखा. डॉक्टरांनी त्यांना तळमजल्यावरच्या व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे हातांचे व्यायाम घेणाऱ्या एक मॅडम होत्या, तिशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी छोट्या पट्टीने बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंतचं अंतर मोजलं आणि कागदावर लिहिलं.

“तुमची पट्टी टोकाला झिजलीय,” मिस्त्री म्हणाले. “शून्य उरलंच नाही तिथे. एकपासून मोजा आणि एक वजा करा.”

मॅडमनी पट्टी उलटून पाहिली, एकपासून मोजलं, आकडा सुधारला आणि विचारलं, “कणीक मळता येते?”

“मी सुतार आहे.”

“मी तुमचा धंदा नाही विचारला.”

कोपऱ्यातल्या बाकावर बायको बसली होती. तिने तोंडाला पदर लावला. मॅडम सांगत गेल्या: रोज सकाळ-संध्याकाळ कणीक मळायची, ओली फडकी पिळायची, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचे, ताटलीतले वाटाणे एकेक करून वाटीत टाकायचे. तीन महिने, एक दिवस चुकवायचा नाही.

“हे व्यायाम आहेत होय?” बायको बाकावरून म्हणाली. “मग मी बत्तीस वर्षं व्यायामच करतेय. माझे हात पैलवानासारखे व्हायला हवे होते.”

ती गमतीने बोलली. पण मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या, तिचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबलं. बायको कळवळून बाकावरून अर्धी उठली.

“किती वर्षं दुखतंय?”

“दुखत नाही हो. ठणकतं नुसतं. सहा-सात वर्षं झाली असतील.”

“घरात कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. हे म्हणाले, बाम लाव.”

खोलीत मिस्त्रींना बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. लोकांच्या घरातली पाव सुताची तूट त्यांना उंबऱ्यातून दिसायची. आपल्या घरातली सात वर्षं त्यांच्यासमोर जेवण वाढत होती, ती दिसली नव्हती.

अशा रीतीने मिस्त्रींची पट्टी सुटली त्याच आठवड्यात बायकोच्या अंगठ्याला पट्टी बसली. तिला सक्त ताकीद होती: सहा आठवडे मळायचं नाही, पिळायचं नाही, कात्री धरायची नाही. आणि तिला जे जे मना केलं होतं, नेमकं तेच मिस्त्रींना औषध म्हणून दिलं होतं. डॉक्टरी शास्त्राने एवढी सरळ वाटणी करून दिल्यावर भांडायला जागा राहिली नाही.

पहिल्या दिवशी मिस्त्री परातीसमोर बसले. “पाणी किती घालू?”

“अंदाजाने घाला.”

“अंदाज म्हणजे किती?”

“अंदाज म्हणजे अंदाज. माप असतं तर त्याला अंदाज म्हटलं असतं का?”

मळून झाल्यावर बायकोने डाव्या हाताच्या बोटाने गोळा दाबून पाहिला. “छान झालाय,” ती म्हणाली. “खिडकीच्या काचा बसवायला चालेल.”

दुखायचं, आणि खूप दुखायचं. मधलं बोट पिठात रुतवताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी पहिले चार दिवस ते कांद्यावर ढकललं, पाचव्या दिवशी घरात कांदे नव्हते. बायकोने परात जरा जवळ सरकवली आणि वाडग्यातून थोडं थोडं पाणी सोडत राहिली. दोन आठवड्यांनी कणीक खाण्याजोगी व्हायला लागली. शेजारणी मात्र मिस्त्रींना दोरीवर कपडे वाळत घालताना बघायला मुद्दाम गच्चीवर यायच्या. मिस्त्रींचे कपडे इतके सरळ रेषेत वाळायचे की दोन घरी नवऱ्यांना त्यावरून टोमणे ऐकावे लागले.

तीन महिन्यांनी तर्जनी सोडून बाकीची बोटं तळहाताला टेकायला एक बोटभर अंतर राहिलं. मॅडम म्हणाल्या, आता कामावर जायला हरकत नाही. मिस्त्री गेले. दोन्ही कामगार उठून उभे राहिले, पॉलिशवाल्याने स्टूल पुसून दिलं. मग एका कामगाराने नेहमीसारखं मशीन सुरू केलं.

मिस्त्रींच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. उजवा हात आपोआप काखेत जाऊन बसला. ते उठले आणि म्हणाले, “चहा सांगून येतो.”

कोपऱ्यावरच्या टपरीशी ते मशीनचा आवाज थांबेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीन सुरू झालं की मिस्त्रींना चहाची आठवण यायची. ते रंधा मारत, पटाशीने खाचा करत, हळू आणि वाकडं का होईना, हाताने होणारं सगळं करत. पण त्या चार पायांच्या लोखंडी टेबलाकडे जात नसत. दीड महिन्यात कारखान्यात इतका चहा झाला की कामगारांनी साखर कमी करायला सांगितली. पॉलिशवाल्याच्या सगळं लक्षात आलं होतं. जन्मभर नको तिथे बोललेला तो माणूस याबद्दल मात्र अवाक्षर बोलला नाही, रोज आपला चहा मुकाट्याने संपवायचा.

मग एके दिवशी मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. छापखान्यातली एक बाई आली होती, कागद कापायच्या यंत्रात हात सापडलेली. व्यायाम करायला तयार नव्हती. “तुम्ही जरा बोला तिच्याशी,” मॅडम म्हणाल्या. बायकोचीही तपासणी त्याच दिवशी होती, म्हणून तीही शेजारी होती.

मिस्त्रींनी कणकेपासून सुरुवात केली, सचिवांची गोष्ट सांगितली, लोक हसतात तिथे थांबलेही. छापखान्यातली बाई हसली नाही. तिने आपला बांधलेला हात मांडीवर ठेवला होता. तिने एकच विचारलं, “तुम्ही पुन्हा त्या मशीनवर उभे राहिलात?”

गंमत करायची म्हटली तर मिस्त्रींच्या जिभेवर दोन-तीन तयार होत्या.

“नाही,” ते म्हणाले. “दीड महिना झाला. ते सुरू झालं की मी चहा आणायला पळतो. भीती वाटते मला.”

बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बत्तीस वर्षांत तिने हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. छापखान्यातली बाई म्हणाली, “मला वाटलं मला एकटीलाच.” आणि मॅडमनी पुढे केलेली वाटाण्याची ताटली तिने जवळ ओढली.

घरी जाताना बायको म्हणाली, “पळता ते ठीक आहे. पण इतका चहा पोटाला बरा नाही.”

पुढच्या सोमवारी मिस्त्रींनी कामगारांना लवकर जेवायला पाठवलं. खिडकीचं दांडकं काढलं. खिडकी आपटली, ती आपटू दिली. पात्यावर जाळी बसवली, स्क्रू दोनदा तपासले. पॉलिशवाला काही न विचारता मशीनच्या बटणाजवळ येऊन उभा राहिला. गाठ नाही ना हे बोटाने चाचपून मिस्त्रींनी एक साधी फळी ठेवली, मान हलवली आणि पॉलिशवाल्याने बटण दाबलं. आवाज अंगावर आला. मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. दांडक्याने फळी पुढे पुढे ढकलत गेले, ती चिरली गेली, पलीकडे पडली.

“बंद कर,” ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले. शर्ट पाठीला चिकटला होता.

पॉलिशवाल्याने फळीचे दोन्ही तुकडे उचलून कडांवरून नजर फिरवली. त्या साफ वाकड्या होत्या. त्याने तुकडे भिंतीला टेकवून ठेवले.

“दुसरी घेऊ?”

“उद्या,” मिस्त्री म्हणाले.

आता ते दिवसाला आठ-दहा फळ्या चिरतात, जास्त नाही. मधलं बोट पुरतं मिटत नाही, थंडीत तुटक्या पेराला ठणका लागतो. बायकोचा अंगठा बराच बरा आहे, पण कणीक तिच्याकडे परत गेलेली नाही. तिने मागितली नाही, त्यांनी दिली नाही.